कडा कुठपर्यंत मळली आहे?

घाटंजीच्या बाजूला आश्रमशाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय : "काका, गेल्या वर्षभरात कोणत्या कादंबऱ्या वाचल्या? नव्या, जुन्या, रडवणाऱ्या, घाबरवणाऱ्या, कशाही सांगा. पण 'अप्रतिम, जरूर वाचा' असलं नको. नाही आवडली तर नाही आवडली म्हणा. वेळ कमी असतो, चुकीच्या पुस्तकावर पंधरा दिवस घालवायचे नाहीत."

ताई, आधी माझी लायकी सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस रस्त्यापासून आत एका गावात 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यांत लहान वर्गातलं, सार्वजनिक वाचनालय आहे. तिथं सव्वीस वर्षांपासून मी ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे झाडू मारणारा, वाळवीचं औषध टाकणारा, दाखल रजिस्टर लिहिणारा आणि वर्गणी मागताना बोलणी खाणारा, सगळं एकच माणूस. समीक्षा वगैरे आपल्याला येत नाही. मात्र एक गोष्ट मला बऱ्या-बऱ्या समीक्षकांपेक्षा नक्की कळते. कोणतं पुस्तक कुठपर्यंत वाचलं गेलं, ते.

पुस्तक मिटून हातात धरायचं आणि ज्या बाजूनं पान उलटतो ती कडा उजेडात पाहायची. वाचलेल्या पानांची कडा मळते. अंगठ्याचा घाम, स्वयंपाकातली हळद, वेचणीच्या दिवसांतली धूळ, खर्ऱ्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखूचा, तो विटकरी डाग. न वाचलेली पानं पांढरीच राहतात. त्यामुळे कित्येक पुस्तकांच्या कडेवर चक्क रेघ दिसते. ओलिताचं पाणी जिथवर पोचलं तिथवर हिरवं आणि पुढं वाळलेलं, तशी. नोंदवहीत पुस्तक चाळीसदा गेलेलं असतं, परत करताना प्रत्येक जण "मस्त होतं" म्हणतो, आणि कडा सांगते की सगळे नव्वदाव्या पानावर बसलेत. मी कोणाला तोंडावर बोलत नाही. पण माझं स्वतःचं मत बनवताना ती रेघ डोक्यात असते. कधी पटते, कधी अजिबात पटत नाही.

यंदा तुरीच्या काढणीच्या दिवसांत उद्धव शेळक्यांची 'धग' पुन्हा काढली. १९६० सालची कादंबरी, माझं चौथं वाचन. आमच्याकडे तिच्या दोन प्रती आहेत आणि दोन्हींची कडा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी काळी. अशी पुस्तकं अख्ख्या वाचनालयात वीस-पंचवीस असतील. शिंप्याचं घर, नवरा महादेव कर्तृत्वानं यथातथा आणि पुढं त्याला महारोग होतो. बायको कौतिक पोरं घेऊन झगडत राहते. गोष्ट एवढीच. पंचविशीत वाचली तेव्हा मला ती निव्वळ दुःखाची वाटली होती, आणि खरं सांगायचं तर तेव्हा थोडा कंटाळलोही होतो. आता पन्नाशी उलटल्यावर वाचताना कौतिकची खटपट दिसली. एक वाट बुजली की ही बाई दुसरी शोधते, ती बुजली की तिसरी. लेखक तिची कीव करत नाही, आणि आपल्यालाही करू देत नाही.

आणि तिच्यातली वऱ्हाडी. आमच्या गल्लीतली एक म्हातारी, अक्षर येत नाही, नातीकडून रोज दुपारी दहा पानं वाचून घ्यायची. मी एकदा रजिस्टरवर सही घ्यायला गेलो तर ओट्यावर वाचन चालू. नात शाळेत वाचतात तसं सरळ सुरात वाचत होती. म्हातारीनं तिला थांबवलं. "असं नाई म्हनत ते. ते रागात हाय. रागात वाच." मग स्वतःच ते वाक्य म्हणून दाखवलं, हेल काढून, हात नाचवून. मला त्या क्षणी वाटलं की पुस्तक आता कुठं उघडलं. जाताना मला विचारते, "हे कौतिक कोन्या गावची हाय बाप्पा?" मी म्हटलं, आजी, ती पुस्तकातली आहे. तिला ते काही पटलं नाही.

दोष सांगायचाच तर महादेव. त्याच्या मनात काय चाललंय हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. वाचताना त्याचा राग राग येतो आणि तेवढाच येतो. पण हे मी चौथ्या वाचनात बोलतोय. पहिल्या तीनदा तर लक्षातही आलं नव्हतं.

आता जिच्याबद्दल खरं बोललं की लोक माझ्यावर चिडतात, ती. सदानंद देशमुखांची 'बारोमास'. २००२ ची, २००४ चा साहित्य अकादमी मिळालेली, आपल्याच बुलडाण्याच्या लेखकाची. शिकून-सवरून नोकरी नसलेला एकनाथ, घरची शेती, शहरातून आलेली बायको अलका. ही कादंबरी शेतकऱ्यांनी वाचावी असं मला फार वाटायचं. म्हणून मी स्वतः हातात दिली, निदान दहा-बारा जणांच्या. कडा पाहा : पाव भागापर्यंत काळी, मग फिकट. शिक्षकांनी आणि तहसीलच्या एका साहेबांनी ती पूर्ण केली. एका कास्तकारानं परत करताना सांगितलं, "भाऊ, हे सारं मले माहीतच हाय. हे वाचाले मी रात्र कायले जागू?" मी तेव्हा त्याच्यावर वैतागलो होतो. यंदा परत वाचल्यावर त्याचं म्हणणं अर्धं पटलं. पूर्वार्ध इतका नेमका आहे की मातीचा वास येतो. पुढं मात्र संकटांची रांग लागते आणि माणसं एकमेकांशी बोलण्याऐवजी आपली कैफियत मांडतात. शिवाय अलका. नवऱ्याच्या घरातल्या त्या कोंडीत तिचं म्हणणं मला बरंच रास्त वाटलं. लेखकाला ते कितपत वाटलं याची शंका आहे. तरी वाचा. पण धाकट्या भावानं सोयाबीनचे भाव सांगितल्या दिवशी नका सुरू करू.

हाच कास्तकार मग काय वाचतो? नारायण धारप! आमच्या गावात रानडुकरांमुळे जागलीला जावंच लागतं, आणि ओलिताची लाइन, म्हणजे मोटारीची वीज, आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. माळ्यावर किंवा विहिरीवर बसून मोबाईलच्या बॅटरीत धारप वाचणारे चार गडी माझ्याकडे आहेत. यंदा त्यांच्या नादानं मी 'लुचाई' घेतली. ती मुळात स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून बेतलेली आहे, हे माहीत असूनही धारपांनी तिला इतकं आपल्याकडचं करून टाकलंय की शंका येत नाही. त्यांची खरी ताकद भुतात दिसत नाही. घरं, दुकानं, संध्याकाळी ओट्यावरच्या गप्पा हे सगळं ते इतक्या शांतपणे मांडतात की पुढं त्यात एक लहानशी गोष्ट चुकली तरी पोटात गोळा येतो. माझं मत विचाराल तर पहिला अर्धा भाग उत्तम. एकदा का शत्रू काय आहे ते कळलं आणि त्याच्यावरचे उपाय सुरू झाले की भीती ओसरते, मग पळापळ उरते. कडा मात्र माझ्याशी सहमत नाही, ती शेवटपर्यंत काळीकुट्ट आहे. त्यातल्या एका गड्यानं परत करताना तक्रार केली ती वेगळीच : "पुस्तक चांगलं हाय, पन आता मोटार बंद कराले विहिरीवर जाववत नाई."

'दुनियादारी' पुन्हा वाचू नका. म्हणजे पहिल्यांदा असेल तर वाचा, वय वीसच्या आत असेल तर अवश्य. सुहास शिरवळकरांना वाचकाला धरून ठेवण्याची जी कला होती ती आजच्या कोणाकडे आहे, मला शंका आहे. मी एकोणिसाव्या वर्षी ती शकुंतला गाडीत वाचली होती. मूर्तिजापूर-यवतमाळची ती नॅरोगेज, आता बंद पडलेली. तिच्या एका फेरीत बाबूराव अर्नाळकरांची एक रहस्यकथा आरामात संपायची आणि तरी स्टेशन यायचं राहायचं. 'दुनियादारी' त्या गाडीत दोन फेऱ्यांत संपवली आणि खिडकीकडं तोंड करून रडलो. यंदा वाचली तर त्यातल्या मुलींना पोरांच्या प्रेमात पडण्याशिवाय दुसरा धंदाच नाही असं वाटत राहिलं. कादंबरी बदलली नाही, मी बदललो. राहू द्या ती खिडकीतच.

तुम्हाला जी नक्की द्यायचीय ती कविता महाजनांची 'ब्र', २००५ ची. प्रफुल्ला नावाची बाई घराच्या चौकटीतून बाहेर पडून संस्थेच्या कामाला लागते, गावोगाव फिरते, सरपंच झालेल्या बायांना भेटते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर, १९९३ पासून, बायांसाठी जागा राखीव झाल्या. आपल्या राज्यात पुढं ते आरक्षण निम्म्यावर गेलं. कागदावर हे एका ओळीत संपतं. प्रत्यक्षात एखाद्या खेड्यातली बाई त्या खुर्चीवर बसल्यावर तिच्या घरात, गल्लीत, मीटिंगमध्ये काय काय घडतं, ते या पुस्तकात आहे. आदिवासी भागातल्या बायांचं बोलणं तर इतकं जिवंत आहे की तुमच्या शाळेतल्या पोरींच्या आयाच समोर बसल्यात असं वाटेल.

आमच्या पंचक्रोशीतल्या एका माजी सरपंचबाईंना मी ती दिली होती. तीन महिने पुस्तक परत नाही. दंड लावू का विचारायला गेलो तर म्हणाल्या, "लावा. दोनदा वाचलं. एकदा मी वाचलं, एकदा ह्यांना वाचाले लावलं." हे म्हणजे त्यांचे मालक, जे पाच वर्षं ग्रामसभेत त्यांच्या वतीनं बोलायचे. मालकांचं मत मी विचारलं नाही. पुस्तकाच्या मधल्या पानांत मात्र एसटीचं तिकीट अडकलेलं मिळालं, त्यावरून त्यांचं वाचन कुठवर झालं याचा अंदाज आला.

'ब्र'चा कच्चा भाग म्हणजे संस्थांचं अंतर्गत राजकारण. अहवाल, दौरे, कोण कोणाला काय म्हणालं, हे वाढत जातं आणि बाया मागं पडतात. तिथं मी पानं चाळली, लपवत नाही. बायांचं बोलणं आलं की परत थांबायचं, असं वाचलं तरी चालतं. काही पुस्तकं गव्हासारखी निवडून घ्यावी लागतात.

महाभारतावरच्यांचं थोडक्यात उरकतो. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'चं (१९६७) आम्ही तीनदा बाइंडिंग केलंय. कडेवर बोट ठेवायला पांढरी जागा नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांपासून ते पोथी वाचणाऱ्या आजोबांपर्यंत सगळ्यांना कर्ण आपला वाटतो. मला त्यात एक गोष्ट खटकते, आणि वयानुसार जास्तच खटकू लागलीय. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सहा जण आपापली कथा सांगतात आणि सहाही जण एकाच अलंकारिक आवाजात बोलतात. त्यापेक्षा कन्नड लेखक भैरप्पांचं 'पर्व', उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादातलं. तिथं चमत्कार नाहीत. म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांची गुडघेदुखी, तहान, छावणीतली घाण, आणि युद्ध कशाला करायचं याचा कोणालाच नीट न लागणारा हिशेब. वाचताना डोक्याला घाम फुटतो. आमच्याकडे ते तीनच जणांनी पूर्ण केलंय, त्यातला एक मी.

नंदा खरे नागपूरचे, व्यवसायानं इंजिनिअर. त्यांची कादंबरी 'उद्या'. तिला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो नाकारला. पुढचा काळ कसा असेल, कंपन्या किती आत घुसतील, कोण कोणावर पाळत ठेवेल, मुलीच कमी झाल्या तर काय होईल, असा सगळा मामला. पहिल्यांदा चाळीस पानांत हार मानली. इतके धागे की कोण कुठला ते कळेना. यंदा पावसाळ्यात वही घेऊन बसलो, माणसांची नावं लिहीत गेलो, तेव्हा जमलं. जमल्यावर मात्र बेचैन केलं. दुसऱ्याच दिवशी कर्जाच्या एका ॲपवाल्याचा फोन आला आणि त्याला माझ्या शेताचा गट नंबर माहीत होता. मला ही कादंबरी मोठी वाटते, पण प्रेमळ वाटत नाही. डोकं ताजं असेल तेव्हाच हात लावा.

भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' सोडली. तिसऱ्यांदा. त्यांचा 'कोसला' मला पाठ आहे, म्हणून लाज जास्त वाटते. खंडेराव उत्खननावरून गावाकडं यायला निघतो तो भाग सुंदर आहे, गावातल्या बायांचे तुकडे सुंदर आहेत, आणि तरी दोनशे पानांच्या पुढं मी जात नाही. आमच्या प्रतीवरची रेघही तिथंच कुठंतरी आहे. या एका बाबतीत मी आणि गाव एक आहोत.

कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा अकादमी मिळाला, म्हणून मागवली. धरणामुळे गाव उठतं, लोक नव्या जागी जातात, आणि मागं सुटलेली म्हैस शोधायला देवाप्पा परत त्या रानात जातो. म्हैस आता माणसाची राहिलेली नसते. कल्पना ऐकूनच मी पुस्तक उघडलं, आणि भाषेला अडलो. ती कोल्हापूरकडची बोली, माझ्या जिभेला सवय नाही. मग म्हातारीची युक्ती केली. मोठ्यानं वाचलं. घरच्यांनी वेड्यात काढलं, पण चार-पाच पानांनंतर लय सापडली. आमच्या एका पाहुण्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. त्यांना मी म्हशीची गोष्ट सांगितली तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमचं मांजर राहिलं होतं. पुस्तक दिलं नाही त्यांना. मागितलंही नाही त्यांनी.

जनावरांवरूनच, व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर'. लहानशी आहे, दोन दुपारींत होते. वांदरांच्या टोळ्या, त्यांचा मुलूख, म्हातारा हुप्प्या हटवून नवा येतो, आणि आल्यावर आधीच्याची पिल्लं मारतो. माडगूळकर आपल्या नागझिऱ्याच्या जंगलात राहून गेलेले, त्यांचा डोळा तयार. आमच्या कवेलूंवर रोज सकाळी जी टोळी नाचते तिच्याकडं मी तीस वर्षं फक्त काठी घेऊन पाहत होतो. वाचल्यापासून काठी हातात असते, पण आधी मोजतो : माद्या किती, छातीला पिल्लं किती, नर एकच का. मार्गशीर्षात नर बदलला. आठवड्याभरात एक मादी छातीशी पिल्लू नसताना भिंतीवर बसलेली दिसली. लोक या कादंबरीला राजकारणाचं रूपक म्हणतात. म्हणोत. मला ती वांदरांचीच बरी वाटते. ताई, तुमच्या शाळेसाठी एकच घ्यायची असेल तर ही घ्या, आठवी-नववीची पोरं वाचतील आणि तुम्हाला जंगलातलं चार शिकवतील.

आता शेवटची, माझी सगळ्यांत लाडकी आणि गावात सगळ्यांत कमी वाचली गेलेली. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ ची. बेडेकर जन्मानं अमरावतीचे, आणि आयुष्यात कादंबरी लिहिली ती एवढी एकच. युरोपातून निघालेलं जहाज. त्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन पळालेली ज्यू माणसं. मराठी तरुण चक्रधर आणि जर्मन मुलगी हॅर्टा. मुंबई आली की तो उतरणार, आणि तिला पुढं जायचंय, कुठल्याही देशाला नको असलेली माणसं जिथं जातात तिथं. बस.

मी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही भावाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेलो तेव्हा, बसच्या काचेतून. जहाजाचं तर नावच नको. तरी या पुस्तकातला डेक मला आमच्या ओट्यासारखा माहीत आहे. बेडेकर पसारा करत नाहीत. वाक्य छोटं, वर्णन जेमतेम, आणि प्रेम असं की त्याला प्रेम म्हणावं की घाबरलेल्या दोन माणसांनी एकमेकांचा हात धरणं म्हणावं, ते ठरत नाही. चक्रधर काही फार चांगला माणूस नाही, आणि हे लेखकानं लपवलेलं नाही, म्हणून मला तो खरा वाटतो. कमतरता? इतर प्रवासी काही ठिकाणी नमुने म्हणून उभे केल्यासारखे वाटतात. शंभर-सव्वाशे पानांत तेवढं चालायचंच.

सव्वीस वर्षांत नोंदवहीप्रमाणे ही कादंबरी सात वेळा गेली. त्यातल्या तीन वेळा माझ्याच नावावर आहेत. कडा जवळपास पांढरी, फक्त शेवटची काही पानं मळलेली, कारण ती मीच परत परत उघडतो. सध्या मात्र ती बाहेर आहे. दिग्रसच्या कॉलेजात जाणारा एक पोरगा शनिवारी घेऊन गेला. मी काही शिफारस केली नव्हती. त्याला बसमध्ये मावेल असं बारीक पुस्तक पाहिजे होतं. बुधवारी आणतो म्हणालाय. आणली की कडा पाहतो आणि तुम्हाला कळवतो.